सुट्टीचे फोटो बघून रडू का येतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या बाईंचं वय 39, गेली 11 वर्षं घरापासून लांब, दुसऱ्या देशात नोकरी. लहानपणी आई, बाबा, दादा आणि त्या असे चौघं दरवर्षी आठवडाभर कुठेतरी जायचे, बरेचदा समुद्रावरच्या एकाच गावी. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आता त्या सुट्ट्यांचे फोटो उघडले की छान वाटतं आणि त्याच मिनिटाला रडूही येतं. दादा म्हणतो तू काय एवढं गोड करून सांगतेस, सगळा वेळ भांडणंच तर चालायची. त्या राहतात तिथे मोठी सुट्टी लागली की सगळी बिल्डिंग रिकामी होते आणि ते चार दिवस त्यांच्या अंगावर येतात. त्यात आता आई म्हणतेय की पुढच्या सुट्टीत परत त्याच गावी जाऊया. म्हणजे प्रश्न चार आहेत, माझं काही बिघडलंय का, खरी आठवण कुणाची, इकडचे रिकामे दिवस कसे काढायचे आणि आईबरोबर जायचं की नाही.

मी 23 वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत घर सोडून लांब राहणारे खूप, त्यामुळे हे चारही प्रश्न वेगवेगळ्या तोंडून बऱ्याचदा ऐकलेत. पहिल्याचं उत्तर एका शब्दात, नाही. बाकीच्यांना जरा वेळ लागेल.

गंमत म्हणजे एकेकाळी याला खरंच आजार समजायचे. नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण आज किती सहज वापरतो, जुनी गाणी लागली की नॉस्टॅल्जिक झालो म्हणतो, पण तो शब्द बनवला एका मेडिकलच्या विद्यार्थ्याने, रोगाचं नाव म्हणून. योहानेस होफर, वय 19, साल 1688, गाव स्वित्झर्लंडमधलं बासेल. ग्रीकमधले दोन शब्द जोडले, नॉस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. त्याच्या प्रबंधात एक केस आहे, बर्नहून बासेलला शिकायला आलेला मुलगा, ताप, काळीज धडधडतंय, खाणं सुटलंय, लोकांनी आशा सोडलेली. शेवटी घरीच पाठवू म्हणून त्याला निघायच्या तयारीला लावलं तर तिथूनच तो सुधारायला लागला, आणि घरी पोचेपर्यंत ठणठणीत. पुढे 1705 च्या सुमाराला शोइख्त्सर नावाच्या दुसऱ्या स्विस माणसाने याचं कारण हवेचा दाब असं सांगितलं, डोंगरातली माणसं खाली सपाटीला आली की जड हवा त्यांच्या रक्तवाहिन्या दाबते म्हणे. आज हसू येतं, पण घर आठवून माणूस आतून हलतो आणि ते शरीरात दिसतं हे त्यांनी बरोबर पकडलं होतं, चुकलं ते एवढंच की याला काढून टाकायची गोष्ट समजले.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये याच्यावर नीट काम केलं. लोक जुन्या आठवणींत कधी शिरतात, तर सगळ्यात जास्त वेळा मन खट्टू असताना, आणि त्यातही एकटं वाटत असताना. आणि लोकांनी लिहून दिलेल्या आठवणी वाचल्या तर त्यांत जवळची माणसं असतात, आणि गोष्ट बहुतेक वेळा वाईटाकडून सुरू होऊन चांगल्याकडे जाते, गाडी चुकली, पावसात भिजलो, पण मग काय धमाल आली, असं. म्हणजे तुम्ही एकट्या असताना फोटो उघडताय हा योगायोग नाही, थंडी वाजली की पांघरूण ओढतो तसं मन ते ओढून घेतंय. फक्त या पांघरुणाला एक टोचणारा धागा आहे आणि तो काढायला गेलं तर पांघरूणच उसवतं.

हा टोचणारा धागा का असतो याच्यावर एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. आयुष्यात वेळ कमी उरल्याची जाणीव झाली की भावना कशा बदलतात यावर अमेरिकेत लॉरा कार्स्टेन्सन यांनी बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्याच गटाने 2008 मध्ये एक अभ्यास छापला. पदवीदान समारंभाच्या दिवशी काही विद्यार्थ्यांना मुद्दाम आठवण करून दिली की आज तुमचा इथला शेवटचा दिवस, आणि बाकीच्यांना असं काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्यात आनंद आणि दुःख एकत्र असल्याचं जास्त दिसलं. प्रसंग तोच, फक्त 'हे संपतंय' एवढं कळलं की गोडात कडू मिसळतं. तुमच्या फोटोंत तर संपलेलं आहेच, बाबा गेलेत, त्यामुळे प्रत्येक फोटोवर ते लिहिलेलंच असतं म्हणा ना. दोन्ही एकदम वाटणं हेच इथे नॉर्मल, एकच वाटलं असतं तर मी जास्त चौकशी केली असती.

आता तुमचं पत्र. मी ते तीनदा वाचलं, सवय आहे, पहिल्यांदा काय लिहिलंय ते वाचते, दुसऱ्यांदा किती लिहिलंय ते, आणि तिसऱ्यांदा काय लिहायचं राहिलंय ते. बाबा कुठेही उतरलं की बॅगा मोजायचे हे तुम्ही किती छान लिहिलंय, स्टेशन असो, बस स्टँड असो, हॉटेलची पायरी असो, बोट दाखवून मोठ्याने, एक, दोन, तीन, चार आणि छत्री. छत्रीला नंबर नसायचा, ती नुसती 'आणि छत्री'. दादा मुद्दाम एक बॅग पायामागे लपवायचा आणि बाबांना ते माहीत असायचं आणि तरी ते दरवर्षी घाबरल्यासारखं करायचे. हे वाचताना मला ती छत्री दिसली, अगदी वाकड्या दांड्यासकट, जी तुम्ही लिहिलेलीसुद्धा नाही. या बॅगांवर अर्धं पान आहे. आणि मग शेवटी एक ओळ, 'शेवटच्या ट्रिपला मी ऑफिसच्या कामामुळे दोन दिवस आधी निघाले'. बस. पुढची ओळ लगेच फोटोंवर जाते.

माझ्या अनुभवात माणसं जिथे एका ओळीत आटपतात तिथे थांबायचं असतं. म्हणून विचारते, त्या दिवशी बॅगा कुणी मोजल्या?

कारण सुट्टीच्या आठवणीतला कडूपणा सगळा एकाच जातीचा नसतो. एक असतो निव्वळ संपल्याचा, माणूस नाही, घर नाही, ते वय नाही. हा स्वच्छ असतो, रडू येतं, ओसरतं, नंतर हलकं वाटतं, याला काहीही करायची गरज नाही, रडू द्यायचं. दुसरा असतो अपराधीपणाचा, तेव्हा मी अशी वागले, तेव्हा मी थांबले नाही, तेव्हा मी फोनमध्येच होते. हा ओसरत नाही, फोटो बंद केला तरी चालू राहतो, आणि बऱ्याचदा तो पहिल्याच्या आड लपतो, म्हणजे माणूस म्हणतो मला बाबांची आठवण येते, पण रडतो तो स्वतःच्या त्या एका दुपारीवर. तिसऱ्याबद्दल खाली बोलते, तो वेगळा आहे.

तुमच्यात पहिला भरपूर आहेच, पण मला दुसरा दिसतोय. चुकत असेन तर सोडून द्या.

आठवणीचा एक हट्टी स्वभाव आहे, ती सगळ्या दिवसांना सारखी जागा देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना हात 60 सेकंद 14 अंशाच्या थंड पाण्यात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, फक्त या जादाच्या वेळात पाणी हळूहळू 15 अंशापर्यंत आणलं, म्हणजे त्रास चालूच, पण शेवट जरा सुसह्य. मग विचारलं की परत एकदा करायचंय, यातलं कुठलं करणार, तर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेलं निवडलं. एकूण त्रास जास्त असूनही! कारण मन बेरीज करत नाही, मन सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच उचलतं. सुट्टीचंही तसंच होतं. सहा दिवस मजेत गेले आणि शेवटच्या दिवशी स्टेशनवर भांडण झालं तर घरी येऊन काय सांगतो आपण, सगळी ट्रिप वाया गेली. आणि तुमच्या बाबतीत शेवट दोन आहेत एकावर एक, त्या ट्रिपचा शेवट आणि बाबांबरोबरच्या सगळ्याच ट्रिपांचा शेवट, आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही गाडीत बसून लवकर निघालेल्या. मनाने या एका चित्राला इतकं मोठं केलंय की आधीच्या सगळ्या वर्षांवर त्याची सावली पडतेय.

'बाबांनी मनावर घेतलं नसेल', 'त्यांना तुझी नोकरी कळत होती' असलं मी काही सांगणार नाही, मला काय माहीत आणि तुम्हालाही हे सगळ्यांनी सांगून झालं असेल. मी एक काम सांगते. आईला विचारा, मी निघाल्यावर त्या दोन दिवसांत तुम्ही काय केलंत? अगदी बारीकसारीक विचारा, कुठे गेलात, बाबा काय म्हणाले, संध्याकाळी कुठे बसलात. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही हे कधी विचारलेलं नाही, कारण तुमच्या डोक्यात ते दोन दिवस असेच आहेत की बाबा खिडकीत बसून आहेत आणि तोंड पाडून आहेत. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, तपशील बदलून सांगते, त्यांचंही असंच लवकर निघणं, तसंच ओझं, सहा वर्षं. शेवटी आईला विचारलं तर आई म्हणाली अरे तू गेल्यावर तुझे वडील लगेच तुझ्या पलंगावर झोपायला गेले, तिकडे वारा जास्त यायचा ना, पहिल्या दिवसापासून डोळा होता त्यांचा त्याच्यावर. हे सांगताना ते गृहस्थ माझ्यासमोर हसत होते आणि नाक पुसत होते. प्रत्येकाच्या आईकडे असं उत्तर असेलच असं नाही, कदाचित तुमची आई म्हणेल हो, बाबांना वाईट वाटलं होतं. तेही चालेल. खरंखुरं वाईट वाटणं हे तुम्ही मनात रंगवलेल्या वाईट वाटण्यापेक्षा नेहमी लहान असतं, त्याला सुरुवात असते आणि संपतंही, रात्री जेवायला बसेपर्यंत संपलेलं असतं बऱ्याचदा.

दादाचं काय आता. दादा खोटं बोलत नाहीये आणि तुम्हीही नाही. एकाच ट्रिपला गेलेली चार माणसं चार ट्रिपा करून येतात, दादा तेव्हा 14 चा असेल तर तुम्ही 9 च्या, त्याला आई-बाबांच्या खोलीतलं पैशावरून चाललेलं बोलणं कळत होतं आणि तुम्हाला शंख-शिंपले दिसत होते (तुम्ही वयं लिहिली नाहीत, मी अंदाजाने म्हणतेय, पण थोरलं आणि धाकटं भावंड यांच्यात हे मी इतक्या वेळा बघितलंय की काय सांगू). शिवाय आठवण म्हणजे कपाटातली फाइल नाही, दरवेळी काढताना ती थोडी नव्याने बांधली जाते, आणि तुम्ही लांब राहून एकट्यात काढताय, दादा तिकडे त्याच घरात राहून काढतोय, मग बांधकाम वेगळं होणारच.

यावरून विलेम वाखेनार आठवतात, नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ. या माणसाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या घटना रोज लिहून ठेवल्या, एकूण 2400 च्या आसपास, काय झालं, कोण होतं, कुठे, कधी. मग स्वतःचीच परीक्षा घेतली आणि 1986 मध्ये ते छापलं. 'काय', 'कोण', 'कुठे' यातलं काही सांगितलं तर बाकीचं आठवायचं, नुसती तारीख सांगितली तर जवळपास काहीच नाही. पण मला आवडतं ते पुढचं. काही घटना त्यांना सगळे धागे देऊनही आठवेनात, पार पुसल्यासारख्या. मग त्यांनी अशा 10 घटना घेतल्या ज्यांत दुसरं कुणीतरी हजर होतं, त्या माणसांना जाऊन विचारलं, आणि त्यांनी एखादा तपशील सांगितला की वाखेनारना ती आठवायची, दहाच्या दहा.

म्हणजे तुमच्या बाबांचा बराचसा भाग आज दादाच्या डोक्यात पडून आहे आणि तुमच्याकडचा त्याला माहीत नाही. तुम्ही दोघं 'खरं काय' यावर वाद घालताय तिथे 'तुला आणखी काय आठवतं' हे विचारायला हवं. आणि एक छोटी युक्ती, आधी दोघांनी आपापलं लिहून काढा आणि मगच बोला. आधी बोललात तर जो जोरात सांगतो त्याची आठवण दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसते, हे फार पटकन होतं आणि नंतर कळतही नाही. लिहिताना तारखा, वर्षं यांच्या मागे लागू नका, कोण कुठे बसलं होतं, खोलीला वास कसला होता, कुणाच्या अंगावर काय होतं असं लिहा. वासाचं मुद्दाम म्हणतेय, बाकीच्या संवेदना मेंदूत एका मधल्या स्टेशनवर थांबून पुढे जातात, वास मात्र जवळजवळ थेट भावना आणि आठवणीच्या भागात पोचतो, म्हणून जुन्या बॅगेची चेन उघडली की आतल्या त्या दमट कापडाच्या वासाने माणूस मटकन खाली बसतो आणि फोटोने तेवढं होत नाही. ती बॅग अजून घरी असेल तर आईला सांगा धुवू नको.

दादा भांडणं म्हणतोय तीही ऐकून घ्या, पूर्ण. कारण तिसरा कडूपणा इथे सापडतो. काही घरांत सुट्टी खरंच वाईट असायची, फोटोत सगळे हसतायत कारण फोटो काढणारा ओरडलेला असायचा. कुणाचे वडील बाहेर गेले की पिणं वाढायचं, कुणाची आई आठवडाभर बोलायची नाही, मुलं मोठी होतात आणि म्हणतात आमच्या ट्रिपा फार मस्त असायच्या, आणि सुट्टी जवळ आली की त्यांचं पोट बिघडतं. अशा आठवणीवर गोड थर चढवला की तो दुसरीकडून फुटतो. तुमच्या पत्रात असं काही मला दिसत नाही, पैशावरून कुरबुरी आणि गाडी चुकल्यावरचा आरडाओरडा एवढंच दिसतं, पण दादाच्या बोलण्यात याहून जड काही आलं तर ते फोनवर मिटवायला जाऊ नका, त्याला म्हणा कुणाशी तरी नीट बैठक घेऊन बोल. आणि हे वाचणाऱ्या इतर कुणाचं असं असेल तर त्यांनाही तेच.

बरं, रिकाम्या बिल्डिंगचं. यावर मी स्वतःच्या अनुभवावरून बोलू शकते. मी 24 वर्षांची असताना पहिल्या नोकरीच्या गावी हॉस्टेलवर होते, मोठी सुट्टी लागली आणि मला रजा मिळाली नाही. आमच्या मजल्यावर 18 खोल्या आणि त्या चार रात्री दिवा फक्त माझ्याच. पॅसेजमध्ये कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल विसरून गेलेली, मी येता-जाता त्या टॉवेलकडे बघायचे, चौथ्या दिवशी तर त्याच्याशी बोलायची वेळ आली होती. घरी फोन केला की आई माझ्याशी बोलतेय आणि मागे सगळे कशावर तरी हसतायत, आणि काय झालं विचारलं तर आई म्हणायची काही नाही गं, असंच. ते 'काही नाही गं' इतकं लागायचं. आता कळतं की एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही आणि तिला मला वगळायचं नव्हतं, पण तेव्हा नाही कळलं.

आता फोनवर चेहरा दिसतो, पण मला तर वाटतं ते जास्त वाईट झालंय. सगळे जमलेत म्हणून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावतात, दोन मिनिटं प्रत्येकजण तोंड दाखवून जातो, मग फोन कशाला तरी टेकवून ठेवतात आणि गप्पा सुरू होतात, आणि तुम्ही दुसऱ्या देशात बसून अर्धा तास त्यांच्या छताचा पंखा बघता. ठेवूही शकत नाही आणि त्यात शिरूही शकत नाही. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन फॅमिली थेरपिस्ट आहेत, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी काम केलं आणि 1970 च्या दशकात अँबिग्युअस लॉस ही कल्पना मांडली, मी त्याला अधांतरी गमावणं म्हणते. माणूस गेलाय म्हणावं तर नाही आणि आहे म्हणावं तर नाही, त्यामुळे शोकही धड करता येत नाही. देश सोडून गेलेल्यांच्या वाट्यालाही हेच येतं असं त्या सांगतात. घर तिथेच आहे, माणसं आहेत, पंखासुद्धा फिरतोय, फक्त तुम्ही त्यात नाही. आणि यावर कुणी सांत्वन करायला येत नाही कारण बाहेरून बघता काही गेलेलंच नाही, उलट लोक म्हणतात मजा आहे बाबा तुमची.

म्हणून त्या चार दिवसांसाठी सांगते ते असं की सगळ्यांच्या घोळक्यात फोन करू नका, एकेकाला करा. आईला सकाळी, ती एकटी असताना. दादाला तो गाडी पार्क करून बसला असताना. भाचरं असतील तर त्यांना एखादं काम द्या, मला फक्त तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते दाखव म्हणावं, मुलं हे फार मन लावून करतात. फॅमिली ग्रुपवर येणारे फोटो रात्री झोपताना बघू नका, सकाळी बघा, रात्री तोच फोटो दुप्पट जड होतो, याच्यामागे संशोधन वगैरे नाही, 23 वर्षं लोकांची तोंडं बघून सांगतेय. आणि तुमच्यासारखंच मागे राहिलेलं अजून कुणीतरी त्या बिल्डिंगमध्ये किंवा ऑफिसात असतंच, ते कोण हे सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात शोधून ठेवा, त्या दिवशी शोधायला जाल तर अंगातून उठवणार नाही. एक दुपार एकत्र घालवली तरी पुरते, मैत्रीच व्हायला पाहिजे असं काही नाही. उरलेल्या वेळात एकटं राहिलात, फोटो काढून बसलात, रडलात तरी ठीक, त्याला वेळ नेमून द्या म्हणजे ते सगळा दिवस खात नाही.

राहिलं आईबरोबर जायचं की नाही. मी म्हणेन जा. पण जायच्या आधी आईला एक प्रश्न विचारा, तुला तिथे का जायचंय? तुम्ही धरून चालल्याय की तिला जुने दिवस परत आणायचेत. असेलही. पण मी बघितलंय की नवरा गेलेल्या बायकांना कधीकधी त्या जागी फक्त जाऊन यायचं असतं, एकदा बघून घ्यायचं असतं, मुलांनी जुना कार्यक्रम जसाच्या तसा आखला की त्यांची पंचाईत होते, त्यांना एकटीला पाण्याजवळ अर्धा तास बसायचं असतं आणि मुलं आई चल, आई चल करत असतात. आणि कुणाला तर बाबांच्या आवडीनिवडीत जे कधी करता आलं नाही ते करायचं असतं! हे ऐकायची तयारी ठेवा.

जुनं हॉटेल, जुनीच खोली, तोच रस्ता, तेच बाकडं असं सगळं परत करायला जाऊ नका. जागा बदललेली असते, हॉटेल पाडलेलं असतं, समुद्र लहान वाटतो कारण तुम्ही मोठ्या झालात, आणि मग प्रत्येक गोष्टीपाशी 'तेव्हा असं नव्हतं' हे एकच वाक्य. एखादी जुनी गोष्ट करा, एकच, तिघांनी मिळून ठरवलेली, बाकी नवं. आठवडाभर नको, चार दिवस पुरेत, अशा सुट्टीत पाचव्या दिवशी सगळे थकतात आणि शेवट कसा होतो त्यावर बरंच काय ते ठरतं हे वर सांगितलंच. फोटो काढा पण कमी. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी एका म्युझियममध्ये लोकांना फिरवून बघितलं होतं, 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं, ज्या वस्तूंचा फोटो काढला त्या नंतर कमी लक्षात राहिल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. मात्र ज्यांनी एखाद्या बारीक भागावर झूम करून फोटो काढला त्यांचं नुकसान झालं नाही. म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करून काढण्यापेक्षा आईच्या वाळूत भरलेल्या चपलांचा काढा.

आणि आत्तापासून त्या ट्रिपबद्दल बोलायला लागा, सहा महिने आहेत ना हातात. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या 1530 लोकांवर एक अभ्यास झाला, सुट्टीवर जाणारे आणि न जाणारे यांच्या खुशालीत फरक दिसला तो जाण्याआधीच. परत आल्यावर बहुतेकांच्यात काही फरक नव्हता, ज्यांची सुट्टी अगदी आरामात गेली त्यांचाच अपवाद. मजा बरीचशी वाट बघण्यात असते, आणि लांब राहणाऱ्या माणसाला घरच्यांबरोबर वाट बघता येते, ती फोनवरून होते. दर रविवारी दहा मिनिटं, कुठली खोली घ्यायची, छत्री घ्यायची का, एवढ्यावरच बोलणं.

बॅगा कुणी मोजायच्या हे आधी ठरवू नका. पहिल्या स्टेशनवर उतराल तेव्हा दोन मिनिटं सगळे गप्प होतील, मग कुणीतरी मोजायला लागेल, बहुतेक दादाच, जो म्हणतो सगळी भांडणंच होती. तुम्ही मागे उभ्या राहून एक बॅग पायाआड ओढून बघा.

परतीचं तिकीट मात्र या वेळी आई आणि दादा निघाल्यावर एक दिवसाने काढा. त्यांना गाडीत बसवून द्यायला तुम्ही थांबा.